लॅटिन मिस्सा व्हॅटिकनने बंद केली? नाही

वसई असो की वेंगुर्ले, कोकणातल्या कॅथलिक घरांत मिस्सेबद्दल (चर्चमधल्या मुख्य उपासनेबद्दल) एक वाक्य हमखास कानावर पडतं: "व्हॅटिकन परिषदेने लॅटिनवर बंदी घातली आणि फादरांना लोकांकडे तोंड करायला लावलं." दोन्ही गोष्टी या परिषदेच्या, म्हणजे १९६२-६५ मध्ये भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेच्या, माथी उगाच मारल्या जातात.

परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. कलम ३६ म्हणतं, लॅटिनचा वापर राखावा, लोकभाषेलाही वाव द्यावा. कलम ५४ नुसार लोकांना आपल्या वाट्याच्या प्रार्थना लॅटिनमध्येही एकत्र म्हणता किंवा गाता आल्या पाहिजेत. (आज किती जणांना येतील, ते सोडा.) कलम ११६ मध्ये ग्रेगोरियन गायनाला (चर्चच्या पारंपरिक लॅटिन गायनाला) मानाचं पान. फादरांनी कुठे तोंड करावं, पूर्वीसारखं वेदीकडे की लोकांकडे, याबद्दल मात्र त्यात चकार शब्द नाही. जुन्या मिस्सेची ओढ असलेल्यांचा राग समजतो, पण तो अंमलबजावणीवर हवा.

पोप सहावे पॉल यांनी १९६९ मध्ये आणलेली नवी मिस्सासुद्धा लॅटिनमध्ये करता येते. निर्बंध आहेत ते नव्या मिस्सेआधीच्या, १९६२ च्या पुस्तकातल्या जुन्या विधीवर. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये तो बराच मोकळा केला, पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये पुन्हा आवळला. आता त्यासाठी बिशपांची परवानगी लागते.