मर्लिन विमान-इंजिनाचे आधुनिकीकरण

रोल्स-रॉइस मर्लिन हे स्पिटफायर, हरिकेन, लँकेस्टर, मस्टँग या विमानांतले 12 सिलिंडरांचे, 27 लिटर क्षमतेचे, द्रवशीतित पिस्टन इंजिन. ते प्रथम 1933 मध्ये चालवले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ते सुमारे 1,000 अश्वशक्ती देई. 1945 पर्यंत त्याच 27 लिटरांतून 2,000च्या वर निघू लागली. रोल्स-रॉइसचे अभियंते स्टॅन्ली हुकर यांनी सुधारलेला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) आणि अधिक ऑक्टेनचे, म्हणजे जास्त दाबातही अवेळी पेट न घेणारे पेट्रोल ही त्यामागची मुख्य कारणे. अमेरिकेतल्या रीनोच्या विमान-शर्यतींत पुढे 3,000हून अधिक अश्वशक्तीही काढली गेली, पण असे इंजिन फार टिकत नाही. म्हणून आजच्या तंत्रज्ञानाला खरा वाव शक्तीपेक्षा नियंत्रणात आहे.

मूळ रचनेत कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) सुपरचार्जरच्या आधी असे. विमानाने एकदम खाली सूर मारला की त्यातला पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट गोंधळे आणि इंजिन अडखळे. समोरच्या जर्मन मेसरश्मिट विमानात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे इंजेक्शन असल्याने त्याला ही अडचण नव्हती. ब्रिटिश अभियंत्या बीट्रिस शिलिंग यांनी 1941 मध्ये पेट्रोलच्या वाटेत भोक पाडलेली छोटी चकती बसवून यावर तात्पुरती तोड काढली. आज प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर देता येईल, म्हणजे बाराही सिलिंडरांना मिश्रण सारखे मिळेल. मात्र यात एक मेख आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना मिश्रण सुमारे 25 अंश सेल्सियसने थंड होई, आणि रोल्स-रॉइसचे अभियंते इंजेक्शनविरुद्ध हाच मुद्दा मांडत. तो फायदा गेला की इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) मोठा करावा लागतो. टर्बोचार्जरचेही (धुराच्या जोरावर फिरणाऱ्या सुपरचार्जरचे) तसेच: मागे वळवलेल्या धुराड्यांतून जवळजवळ फुकट मिळणारा रेटा तो खाऊन टाकतो.

एकाच तरफेने सगळे सांभाळण्याची कल्पनाही नवी नाही. जर्मन बीएमडब्ल्यू 801च्या ‘कोमांडोगेरेट’मध्ये मिश्रण, प्रज्वलनाची वेळ आणि विमानाच्या पुढच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांचा कोन तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा ठरवी. हेच काम आता संगणक कितीतरी बारकाईने करतो. नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांची, चाहूल लागताच त्या एका सिलिंडरची ठिणगी तो थोडी उशिरा पाडू शकतो. आजचे 100एलएल हे विमानांचे पेट्रोल युद्धाच्या अखेरच्या 150 ग्रेडइतके नॉकिंगला दाद न देणारे नाही, त्यामुळे याचा उपयोग मोठा.

ठिणगीसाठी वीज स्वतःच तयार करणाऱ्या मॅग्नेटोला बाहेरची वीज लागत नाही. विमानातली वीज गेली तरी ठिणगी पडत राहते. त्यामुळे हलक्या विमानांत करतात तसे, दोनपैकी एक मॅग्नेटो जागेवर ठेवून दुसऱ्याच्या ठिकाणी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवणे हा मर्लिनसाठीही सर्वांत सुरक्षित आरंभ ठरेल.