तळ्यात दिवा, दिव्यात तळं

बागेतल्या छोट्या तळ्यासाठी पाण्याखालचा दिवा घरी करायचा म्हटलं, की सगळं लक्ष बाहेरच्या पाण्याकडे जातं. झाकण घट्ट हवं, रबरी वॉशर हवा, फटीत सिलिकॉन हवं. एवढं करूनही काही दिवसांत काचेच्या आतून थेंब दिसू लागतात. खरा घोटाळा करते ती दिव्यात कोंडलेली हवा.

एक मीटर खोलीवर पाण्याचा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दहावा हिस्सा असतो. तेवढा बऱ्यापैकी वॉशर सहज सोसतो. पण दिवा लागला की आतली हवा तापते. ती 25 अंश सेल्सिअसवरून 55 वर गेली, तर तिचा दाब साधारण 10 टक्क्यांनी वाढतो आणि एखाद्या बारीक फटीतून थोडी हवा निसटते. दिवा विझला की उरलेली हवा आकसते, आतला दाब उतरतो आणि त्याच फटीतून पाणी आत ओढलं जातं. दिवा रोज असा घोट घोट पाणी पितो. दुसरी चोरवाट वायरीतली. वरचं प्लॅस्टिक शाबूत असलं, तरी जोडापाशी शिरलेलं पाणी तांब्याच्या बारीक तारांमधून केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, थेट दिव्यापर्यंत पोचतं.

म्हणून हवेला जागाच ठेवू नये. एलईडी आणि जोड पारदर्शक इपॉक्सी रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवात, पूर्ण बुडवून टाकावेत. त्याआधी वायरीच्या सोललेल्या तारांमध्ये सोल्डर भरून घ्यावं, म्हणजे चोरवाटही बुजते. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं, म्हणून एकदम न ओतता थराथराने ओतावं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र जोडांजवळ नको, त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. रेझिनमधून उष्णता नीट बाहेर पडत नाही, तेव्हा मोठ्या वॅटच्या एलईडीचा मोह टाळलेला बरा.

छोट्या पांढऱ्या एलईडीला सुमारे 3 व्होल्ट लागतात. असे तीन एकामागोमाग जोडले की 12 व्होल्ट डीसीमधले 3 उरतात. 20 मिलिअँपिअर प्रवाहासाठी तिथे 150 ओहमचा रोधक (रेझिस्टर) बसतो. घरातली मुख्य वीज तळ्यात कधीही नेऊ नये, यात तडजोड नाही. मेन्सपासून विलग असलेला 12 व्होल्टचा अडॅप्टर तळ्यापासून लांब, कोरड्या जागी ठेवावा आणि त्याच्या आधी आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा.

दिवा सरळ वर रोखला तर तो बघणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आडवा ठेवला तर गंमत होते. पाणी संथ असताना उभ्या रेषेशी सुमारे 49 अंशांहून जास्त कललेला किरण पृष्ठभागातून बाहेर पडतच नाही, तो पुरता परावर्तित होऊन खाली वळतो. दिवा दिसत नाही, पण दगड आणि वनस्पती उजळतात. पाणी गढूळ असेल तर प्रकाश कणांवर विखुरतो आणि नुसतं धुकं दिसतं. तिथे दिवे वाढवण्याआधी फिल्टर धुवावा. तळ्यात मासे असतील तर टायमरही लावावा, त्यांना रात्री अंधार लागतो.