टेबलावरील रोलप्लेइंग खेळ : नियमांची स्थित्यंतरे

फासे टाकत, गप्पा मारल्यासारखा बोलत खेळायचा कल्पनारम्य खेळ. एक जण संचालक असतो, त्याला पुण्यातही ‘डीएम’च (डंजन मास्टर) म्हणतात, बाकीचे एकेक पात्र चालवतात. हार-जीत नसते, तरी नियमांची पुस्तके जाडजूड. गेल्या पन्नास वर्षांत हे नियम बदलले ते बरेचसे एकाच भांडणापायी: निकाल कोणी द्यायचा, डीएमने की पुस्तकाने?

मूळ युद्धखेळांत आहे. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ १९७१चे. त्यात सैन्ये लढत. डेव्ह आर्नेसन यांनी आपल्या ‘ब्लॅकमूर’ खेळात प्रत्येकाला एकच वीर दिला, आणि १९७४मध्ये गायगॅक्स-आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ तीन छोट्या पुस्तिकांत आला. वर्ग, म्हणजे पात्रांचे प्रकार, तीनच: योद्धा, जादूगार, पुरोहित. खंजीर असो वा दोन हातांनी पेलायची तलवार, जखम ठरायची त्याच सहा बाजूंच्या फाशावर.

समजा, पात्रे शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी पोचली आहेत आणि दारात सापळा आहे. (कोथरूडच्या एखाद्या हॉलमध्ये रविवारी दुपारी हे सहज घडू शकते.) १९७४च्या नियमांत खेळाडू म्हणणार, “लांब काठीने एकेक खिळा चाचपतो,” आणि पुढचे डीएम ठरवणार. १९७५च्या पुरवणीत चोर हा वर्ग आला, सापळा काढण्याची टक्केवारी घेऊन. सोय झाली, पण खिळे चाचपण्याची हौस तिथूनच ओसरू लागली.

लढाईचे गणित हा सर्वांत गमतीचा भाग. आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा अंक, जितका कमी तितके चिलखत भक्कम. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘थॅको’, म्हणजे चिलखताचा अंक ० असलेल्यावर वार लागायला फाशावर हवा असलेला आकडा, रुळला: थॅको १७, समोरच्याचा अंक ३, तर वीस बाजूंच्या फाशावर १४ हवेत. वजाबाकी साधीच, पण उलटी. नव्या माणसाला ती दर वेळी समजावून सांगावी लागे. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने दिशा फिरवली. तोच ३ आता १७ झाला आणि थॅकोच्या जागी फाशात ३ मिळवायचे. लागणार तेच १४. दरवाजा, उडी, थाप मारणे, सगळ्याला आता हेच एक सूत्र: फासा अधिक कौशल्य, समोर अवघडपणाचा अंक.

काही नियम नुसते खटकणारे होते. १९७८च्या पुस्तकात स्त्री-पात्रांच्या बळाची कमाल मर्यादा पुरुषांहून कमी होती. ती १९८९ला गेली. एल्फ, ड्वार्फ अशा मानवेतर वंशांच्या पात्रांच्या बढतीवरची मर्यादा २०००पर्यंत टिकली. ‘रेस’ या शब्दाच्या जागी ‘स्पीशीज’ यायला २०२४ उजाडले.

२००८च्या चौथ्या आवृत्तीत अंतरे चौकोनांत मोजली जात आणि टेबलाचा पट झाला. पुष्कळांना ते रुचले नाही. २०१४च्या पाचव्या आवृत्तीने ‘ॲडव्हांटेज’ आणला: किरकोळ अधिक-उण्यांची यादी करण्याऐवजी, परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे, मोठा धरायचा. ११ किंवा जास्त हवे असतील तर ५० टक्क्यांची शक्यता ७५वर जाते. मूलभूत नियमही फुकट उपलब्ध झाले. आयात केलेल्या पुस्तकांच्या किमती पाहता पुण्यातल्या कॉलेजच्या मुलांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पुस्तक इंग्रजीत, भांडण मराठीत. “डेक्स सेव्ह मार” (चपळाईने वाचण्यासाठी फासा टाक), “क्रिट पडला रे!” (फाशावर थेट वीस) अशी भाषा चालते. सोंगट्यांमधला ‘दान’ हा शब्द इथे चपखल बसला असता, पण तोंडी ‘रोल’च आहे.

वेगळ्या वाटाही आहेत. ‘रूनक्वेस्ट’ने १९७८मध्येच वर्ग काढून टाकले, जे कौशल्य वापराल ते वाढेल. २००६पासून ‘ऑस्रिक’सारख्या पुस्तकांनी जुने नियम पुन्हा छापात आणले. ‘डंजन वर्ल्ड’ने, २०१२मध्ये, कृतींच्या निकालासाठी सहा बाजूंचे दोनच फासे ठेवले. बेरीज ७ ते ९ आली तर काम होते, पण काहीतरी मोजावे लागते, आणि काय ते पुन्हा डीएम सांगतो: दिल्ली दरवाजा उघडला, पण करकरला, आणि आतला पहारेकरी जागा झाला.