लिग्नोकेन पॅच

लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध पाणीदार चिकट जेलमध्ये मिसळून कापडी पट्टीवर पसरवलेलं असतं, ती पट्टी दुखऱ्या जागेवरच्या कातडीला चिकटवायची, म्हणजे लिग्नोकेन पॅच. अमेरिकेतल्या पुस्तकांत आणि पाकिटांवर लिडोकेन असं नाव दिसतं, औषध तेच. नागीण बरी होऊन फोड वाळले तरी त्याच पट्ट्यात महिनोन्महिने जी आग होत राहते, नुसता सदरा घासला तरी जीव कळवळतो, त्या दुखण्यासाठी हा पॅच मुळात बनवला गेला. पाठ, गुडघे, ऑपरेशनच्या व्रणाजवळचं दुखणं यासाठीही तो सर्रास लावतात, पण तिथे पुरावा पातळ आहे.

औषधाच्या उगमाबद्दल सगळीकडे एकसारखी माहिती मिळत नाही. १८८४ साली कार्ल कोलर यांनी व्हिएन्नात डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरून दाखवलं तिथून कातडी किंवा नस बधिर करणाऱ्या औषधांचा इतिहास सुरू होतो, मग २० व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत प्रोकेन आलं आणि बरीच वर्षं तेच चाललं. लिग्नोकेनची वाट मात्र वेगळ्याच ठिकाणाहून, बार्ली म्हणजे जवाच्या रोपातून येते. १९३० च्या दशकात स्टॉकहोममध्ये हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांच्या प्रयोगशाळेत जवाच्या रोपांवर काम चाललं होतं, त्यातून ग्रामीन नावाचा पदार्थ मिळाला, त्याची रचना पक्की करायला होल्गर एर्टमन यांनी तो प्रयोगशाळेत बनवायला घेतला तर हाती आला त्याचा भाऊबंद आयसोग्रामीन, आणि तो चाखून बघितल्यावर जीभ बधिर झाली (त्या काळचे रसायनतज्ज्ञ पदार्थ चाखून बघायचे, आज कुणी करू नये). एर्टमन आणि त्यांचे विद्यार्थी निल्स लोफग्रेन यांनी त्या धाग्यावर बरीच संयुगं बनवली पण कामाचं काही निघालं नाही. लोफग्रेन यांनी चिकाटी सोडली नाही आणि पुढे त्यांच्या हातून लिग्नोकेन तयार झालं, बेंग्ट लुंडक्विस्ट या तरुण सहकाऱ्याने ते स्वतःच्या शरीरात टोचून त्याचा असर तपासला.

वर्षाबद्दल दोन मतं आहेत. काही लेखक १९४२ म्हणतात, बहुतेक ग्रंथ १९४३. स्वीडनमधला पेटंटचा अर्ज १९४३ चा आहे, त्यामुळे ते वर्ष धरणं जास्त सुरक्षित वाटतं, संयुग त्याआधी थोडे महिने बाटलीत असेलही. श्रेय कुणाचं यावरही थोडी ओढाताण दिसते, पण लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट ही जोडी लावणंच बरोबर वाटतं, आणि एर्टमन यांच्या जिभेवरच्या त्या निरीक्षणाशिवाय सुरुवातच झाली नसती हेही खरं. आस्ट्रा कंपनीने १९४८ मध्ये झायलोकेन नावाने ते बाजारात आणलं. आपल्याकडे दाताच्या डॉक्टरकडे किंवा टाके घालताना देतात ते इंजेक्शन बहुतेक वेळा हेच.

पॅच फार नंतरचा. १९९० च्या दशकात अमेरिकेत मायकेल रोबॉथम आणि सहकाऱ्यांनी नागिणीनंतरच्या वेदनेवर त्याच्या चाचण्या केल्या. १९९६ साली छापून आलेल्या चाचणीत औषध असलेला पॅच बिनऔषधी पॅचपेक्षा सरस ठरला, पण बिनऔषधी पॅचनेही काहीच न लावण्यापेक्षा थोडा आराम दिला, म्हणजे दुखरी कातडी कपड्यापासून झाकली जाते याचाही काही वाटा असावा. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) ५ टक्क्यांच्या लिडोडर्म या पॅचला मान्यता दिली. युरोपात तोच प्रकार व्हर्साटिस नावाने मिळतो.

पॅचची सगळी सुरक्षितता एकाच गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे अखंड कातडीतून रक्तात फार थोडं औषध उतरतं. १० बाय १४ सेंटिमीटरच्या एका पॅचमध्ये ७०० मिलिग्रॅम लिग्नोकेन असतं आणि १२ तासांत त्यातलं साधारण ३ टक्के, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या आसपास शरीरात जातं. तीन पॅच एकदम लावले तरी रक्तातली पातळी दर मिलिलिटरला ०.१३ मायक्रोग्रॅमच्या आसपास राहते, विषबाधेची भीती साधारण ५ मायक्रोग्रॅमच्या पुढे धरतात. औषध कातडीतल्या बिघडलेल्या नसांच्या सोडियमच्या वाटा अडवतं, त्यामुळे दुखण्याचे संदेश कमी होतात, पण जागा दात काढताना होते तशी पूर्ण बधिर होत नाही. स्पर्श कळतोच, म्हणून पॅचचा असर होत नाही असं समजून आणखी एक लावू नये.

वापराचा नियम १२ तास लावायचा, १२ तास काढून ठेवायचा, आणि एका वेळी ३ च्या वर नाही. निरोगी लोकांवर चार पॅच सलग तीन दिवस ठेवून केलेला अभ्यास आहे आणि त्यात रक्तातली पातळी सुरक्षित राहिली, त्यावरून काही डॉक्टर नियम सैल करावा म्हणतात, पण दुखणारे लोक बहुतेक वयस्कर, यकृत-हृदयाचे आजार असलेले, तेव्हा पाकिटावरचा १२ तासांचा नियमच पाळलेला बरा. जागा लहान असेल तर वरचा कागद काढायच्या आधी पॅच कात्रीने कापता येतो. केस असतील तर कात्रीने बारीक करावेत, वस्तरा फिरवू नये कारण त्याने कातडी खरवडते आणि औषध जास्त शिरतं. याच कारणाने जखम, ओरखडा, पुरळ, आणि नागिणीचे ओले फोड यावर पॅच अजिबात नको, नागीण पूर्ण वाळल्यावरच लावायचा.

आपल्या घरात दुखलं की शेक हा पहिला उपाय असतो आणि धोका नेमका तिथेच आहे. पॅचवर गरम पाण्याची पिशवी किंवा विजेचा शेकायचा पट्टा ठेवला तर उष्णतेने औषध रक्तात जास्त उतरू शकतं, त्यामुळे एक तर शेक घ्या नाहीतर पॅच लावा. प्लॅस्टिक गुंडाळण्याचा प्रकार तर आणखी वाईट. २००७ मध्ये एफडीएने याबद्दल इशारा दिला तेव्हा त्यामागे दोन तरुण मुलींचे मृत्यू होते, लेसरने केस काढण्याआधी त्यांनी पायांना तीव्र बधिर करणारं क्रीम चोपडून वरून प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. ते क्रीम होतं, पॅच नव्हे, पण कातडी, औषध आणि झाकण यांचं गणित तेच. ओल्या अंगावर पॅच चिकटत नाही आणि भिजला की सुटतो, म्हणून अंघोळ पॅच नसलेल्या १२ तासांत करावी. लावल्यावर हात धुवावेत, डोळ्याला लागू देऊ नये. सुरुवातीला थोडी चुरचूर किंवा लाली येते, आग वाढत गेली तर काढून टाकायचा.

हृदयाच्या ठोक्यांसाठी मेक्सिलेटिनसारखी गोळी चालू असेल, यकृताचा गंभीर आजार असेल (लिग्नोकेन यकृतातच मोडतं) किंवा या जातीच्या औषधांची अॅलर्जी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये. एकाच वेळी बधिर करणारं क्रीम, स्प्रे, इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगावं, सगळ्याची बेरीज होते. ओठांना मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, गरगरणं, झटके ही रक्तात औषध जास्त झाल्याची लक्षणं, अशा वेळी पॅच ओढून काढायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. मेडिकलमध्ये डायक्लोफिनॅकचे, मिरचीच्या अर्काचे, आणि ब्युप्रेनॉर्फिन-फेंटानिलसारखे अफूवर्गातले पॅचही असतात, ते दिसायला सारखे पण नियम पूर्ण वेगळे, शेजाऱ्याचा उरलेला पॅच मागून लावणं म्हणूनच धोक्याचं.

उपयोगाबद्दल तज्ज्ञ एकमताचे नाहीत. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्याने (कॉक्रेन ही उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) चांगल्या दर्जाचा पुरावा पुरेसा नाही असं म्हटलं, २०१५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी नसांच्या दुखण्यात दुसऱ्या फळीत, म्हणजे पहिल्या पसंतीच्या औषधांनंतर, सौम्य शिफारस दिली, आणि २०१७ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेने नागिणीनंतरच्या दुखण्याशिवाय हा पॅच सरसकट लिहून देऊ नये असं ठरवलं. जागेपुरतं दुखणं, वयस्कर माणूस, गोळ्यांनी झोप येते आणि तोल जातो, अशा ठिकाणी करून बघण्यासारखा आहे असं मानायला हरकत नाही. दोन ते चार आठवड्यांत फरक पडला नाही तर बंद करावा.

वापरलेल्या पॅचमध्ये ६६५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त औषध शिल्लक असतं. लहान मुलाने किंवा कुत्र्या-मांजराने तो चघळला तर ते कातडीची अडचण न येता थेट पोटात जातं, म्हणून काढल्याबरोबर चिकट बाजू आत येईल असा दुमडायचा आणि झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी टाकायचा.