बालकांचे भावनिक स्वास्थ्य आणि शालेय शिक्षण : ग्रामीण विदर्भ

मनात काय चालले आहे ते मुलाला ओळखता यावे, विश्वासाच्या माणसाजवळ बोलता यावे आणि राग, भीती वा दुःख यांतून सावरून पुन्हा खेळात व अभ्यासात रमता यावे, या अवस्थेस भावनिक स्वास्थ्य म्हणतात. ते जपण्यासाठी शाळेकडून मिळणारी मदत स्वतंत्र तासिकेपेक्षा शिक्षकाच्या वागण्यातून, वर्गातल्या भाषेतून आणि ठरलेल्या दिनक्रमातून अधिक पोहोचते. ग्रामीण विदर्भात या मदतीचे मोल मोठे आहे. मानसोपचारतज्ज्ञ व समुपदेशक येथे प्रामुख्याने जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतात, जिल्हा परिषदेची शाळा मात्र बहुतेक गावांत असते.

पश्चिम विदर्भातील यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा व वाशीम आणि लगतच्या वर्धा जिल्ह्यातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असून कापूस, सोयाबीन व तूर ही तिची प्रमुख पिके आहेत. नापिकी, भावातील चढउतार आणि कर्ज यांच्या ओझ्याखाली १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या भागात शेतकरी आत्महत्यांचे सत्र सुरू झाले. त्यावरची चर्चा बहुधा कर्जमाफी, हमीभाव आणि सिंचन यांभोवती होते. मागे राहिलेल्या मुलाचा विचार तिच्यात क्वचितच होतो. वडील गेल्यावर घरी पंचनामा होतो, नातेवाईक व अधिकारी येऊन जातात, आई दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाऊ लागते, थोरल्या मुलीवर स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ येऊन पडतो, तर काही मुले आजोळी पाठवली जातात व त्यांची शाळाच बदलते. या धावपळीत नेमके काय घडले ते मुलाला कोणी नीट सांगत नाही. साधारण पाच-सात वर्षांच्या आतील मुलांना मृत्यू कायमचा असतो हे पुरते उमगलेले नसते, म्हणून ती वडिलांची वाट पाहत राहतात. त्याहून मोठी मुले अनेकदा आपल्या एखाद्या हट्टामुळे हे घडले असे मनाशी धरून बसतात. ही समजूत कोणी स्पष्ट शब्दांत दूर केली नाही, तर ती वर्षानुवर्षे मनात घर करून राहू शकते.

शाळेत हे दुःख रडण्यातून दिसेलच असे नाही. वारंवार पोट दुखते म्हणणे, पाढे पाठ असूनही फळ्यासमोर गप्प राहणे, क्षुल्लक कारणावरून मारामारी करणे, हजेरीत खाडे पडणे अशा रूपांत ते पुढे येते आणि पुष्कळदा आळस किंवा उद्धटपणा समजून त्याला शिक्षा होते. सतत ताणाखाली असलेल्या मुलाचे लक्ष व स्मरण दोन्ही कमी पडतात, त्यामुळे रागावल्याने त्याचा अभ्यास सुधारत नाही. शिक्षकाने गृहभेट देऊन आईची व मुलाची विचारपूस करावी, ‘यात तुझा काही दोष नाही’ हे त्याला स्वतः सांगावे, वर्गातील त्याची जागा व सोबती शक्यतो तेच ठेवावेत. वेळेवर होणारा परिपाठ आणि पोषण आहाराची रोजची पंगत यांनीही विस्कटलेल्या दिवसाची घडी पुन्हा बसू लागते. याउलट, वह्या-दप्तरे वाटताना अशा मुलाला सर्वांसमोर उभे करणे, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करणे किंवा ‘आत्महत्याग्रस्त कुटुंबातील’ अशी त्याची ओळख करून देणे अत्यंत क्लेशदायक आहे. देणाऱ्यांचा हेतू चांगला असला, तरी ती ओळख मुलाला शाळाभर चिकटते. ही पद्धत बंदच व्हायला हवी.

मेळघाट आणि पूर्व विदर्भ यांचे प्रश्न काहीसे वेगळे आहेत. मेळघाटातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांतील अनेक कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला गावी परततात. मुले बरोबर गेली तर शाळा तुटते, आजी-आजोबांजवळ राहिली तर आईबापांचा विरह सोसावा लागतो. हंगामी वसतिगृहांमुळे पहिला प्रश्न सुटला तरी दुसरा उरतोच. भाषेची अडचण त्याहून खोल आहे. माडिया, गोंडी व कोलामी या द्रविड कुळातील, तर कोरकू ही मुंडा गटातील भाषा असून मराठीशी त्यांचे साधर्म्य नसल्याने पहिलीत आलेल्या मुलाला भूक लागली किंवा भीती वाटते एवढेही शिक्षकाला समजेल असे सांगता येत नाही आणि त्याच्या मौनावर मंदबुद्धीचा शिक्का बसतो. सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून आश्रमशाळेत आलेल्या मुलांच्या बाबतीत तर शिक्षक व अधीक्षक यांनी मुलाच्या भाषेतील चार वाक्ये शिकून घेणे हीच पहिली भावनिक मदत ठरते. पूर्व विदर्भातील गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये माडिया व गोंड मुलांसाठी निवासी शाळा सुरू केली. वऱ्हाडी व झाडी या मराठीच्याच बोली बोलणाऱ्या मुलांना भाषेचा इतका अडसर नसतो, पण त्यांच्या बोलीला वर्गात ‘अशुद्ध’ म्हटले गेले की तीही बोलेनाशी होतात.

मुलाच्या मनाला शिक्षणात स्थान देण्याचा विचार या प्रदेशाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीम पद्धतीत मातृभाषा आणि हाताने करावयाचे उत्पादक काम यांवर भर होता. सेवाग्राम येथील आनंद निकेतन ही शाळा २००५ पासून त्या विचारावर चालते. बागेत वा चरख्यावर सोबत काम करताना मूल जेवढे बोलते, तेवढे समोर बसवून विचारल्यावर बोलत नाही, हे कोणत्याही शाळेला उपयोगी पडेल. मुली एकत्र जमून म्हणतात ती भुलाबाईची गाणी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल मिरवतात तो तान्हा पोळा यांनाही याच कारणासाठी शाळेत जागा द्यावी.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई असून, कलम २९ मुलाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवण्याची अपेक्षा करते. आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात (२०२०) प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची तरतूद असून भावनिक स्वास्थ्य हा त्यातील एक विषय आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा शनिवारी खेळ व कृतींतून शिकण्याचा उपक्रम जाहीर झाला. मात्र दोनच शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात व माहितीचे तक्तेही भरतात, तेथे प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकालाही मुलाजवळ बसायला वेळ उरत नाही. योजनांची खरी अडचण हीच आहे.

शिक्षक हा उपचारक नव्हे. मूल जगणे नको म्हणत असेल, स्वतःला इजा करीत असेल किंवा अनेक आठवडे झोप, खाणे व खेळ यांपासून दूर असेल, तर पालकांना सोबत घेऊन त्याला जिल्हा रुग्णालयात नेणे आवश्यक असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ला मिळतो, तर संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पालक गमावलेल्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून मासिक साहाय्य मिळू शकते. तिचा अर्ज भरताना अनेक मातांना शाळेचीच मदत लागते.