कौलांवर शेवाळ आहे की दगडफूल?

शाकारणीला आलेला गडी छपराकडे बघून सरसकट ‘शेवाळ धरलंय’ म्हणतो. कोकणातल्या मंगलोरी कौलांवर मात्र बऱ्याचदा शेवाळ आणि दगडफूल, म्हणजे लायकेन, शेजारीशेजारी वाढलेलं असतं. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की कौलं खराब होतात.

शेवाळ मऊ, हिरवं, ओलं असताना दाबलं तर पाणी सोडणारं. मे महिन्यात ते तपकिरी पडून मेल्यासारखं दिसतं, पण पहिल्या सरींनंतर पुन्हा हिरवं होतं. त्याला खरी मुळं नसतात, त्यामुळे वाळलेलं असताना ब्रशने निघतं. ते काढावंच. कौलांच्या सांध्यात साचलेलं शेवाळ पाणी अडवतं, ते पाणी कौलाखाली शिरतं आणि रिपा कुजतात. घासायचं आढ्याकडून वळचणीकडे; उलट घासलं तर कौल उचकटतं.

दगडफुलाच्या राखाडी, पांढरट, कधी पिवळसर चकत्या असतात, रंगाचे शिंतोडे उडाल्यासारख्या. हा बुरशी आणि शैवाल (म्हणजे अल्गी, वरचं शेवाळ नव्हे) यांचा जोड आहे, असं स्विस शास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनरने १८६७ साली मांडलं, तेव्हा कित्येक जाणकारांना ते पटलं नव्हतं. (गोड्या मसाल्यातलं दगडफूलही याच जातकुळीचं, पण म्हणून छपरावरचं खरवडून डब्यात भरू नये.) कौलाला घट्ट चिकटणाऱ्या प्रकारांत बुरशीचे तंतू बारीक छिद्रांत शिरलेले असतात. सुकं खरवडलं की कौलाचा पृष्ठभाग सोलला जातो आणि त्या खडबडीत जागेवर शेवाळ आणखी सहज रुजतं. जोरदार फवाऱ्याच्या यंत्रानेही तेच होतं. शिवाय बऱ्याच चकत्या वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पसरतात, मग घाई कशाला? छप्पर गळत नसेल तर मी तरी हात लावणार नाही. काढायचंच झालं तर आधी भिजवून मऊ करावं आणि प्लास्टिकच्या पट्टीने हळू सोडवावं. बेंझाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाचं द्रावण मारलं तर दगडफूल मरतं, पण गळून पडायला कित्येक महिने लागू शकतात. औषध मारण्याआधी छपराचं पाणी टाकीत नेणारा पाइप सोडवून ठेवावा.

पुन्हा येऊ नये म्हणून छपरावर वाकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटाव्यात, ऊन लागू द्यावं. आढ्याखाली तांब्याची पट्टी बसवली तर पावसात विरघळणारं थोडं थोडं तांबं दोघांनाही रोखतं. पन्हळ जस्ताच्या पत्र्याची असेल तर मात्र ही पट्टी नको. ते पाणी पन्हळ खाऊन टाकतं.