क्लच धरत नाही की सोडत नाही?

चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा 3,000 वरून 4,500 वर गेला आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने चालत राहिली. स्पोर्ट्स कारवर जीव असणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो अशा वेळी. "क्लच गेला" म्हणून आपण मोकळे होतो. पण क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा-तोडणारा दुवा, दोन अगदी उलट तऱ्हांनी जातो: एक तर तो धरत नाही, नाहीतर सोडत नाही. क्लच प्लेट डोळ्यांनी बघायची तर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एवढा खटाटोप करून दोष पेडलमागच्या सिलिंडरमध्ये निघाला, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्यामुळे निदानाची सुरुवात ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच करावी.

इंजिनासोबत फिरणारं फ्लायव्हील आणि त्यावर बसवलेली प्रेशर प्लेट यांच्या चिमटीत क्लच प्लेट असते. चिमटा आवळून ठेवते ती थाळीच्या आकाराची डायफ्राम स्प्रिंग; पेडल दाबलं की चिमटा सैल होतो. समजा, तिचा दाब 6,000 न्यूटन आहे, घर्षणांक 0.3 आणि प्लेटची सरासरी त्रिज्या 10 सेंटीमीटर. प्लेट दोन्ही बाजूंनी पकडलेली असते, म्हणून हा क्लच 360 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलतो. इंजिन 300 देत असेल तर सगळं ठीक. पण प्लेटवर तेल उतरून घर्षणांक 0.2 झाला, की क्षमता 240 वर येते आणि क्लच घसरू लागतो. ट्यूनिंग करून इंजिनाचा टॉर्क 400 वर नेला, तर कोरा क्लचही घसरेल. त्यात क्लचचा काहीच दोष नसतो.

हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लचचं पेडल सोडायचं आणि इंजिन बंद पडतं का ते पाहायचं, ही जुनी चाचणी मला पुरेशी वाटत नाही. त्यात इंजिनाचा पूर्ण टॉर्क क्लचवर येतच नाही, त्यामुळे थोडासा घसरणारा क्लचही पास होतो. त्यापेक्षा मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये 2,000 आरपीएमपासून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. वरच्या गिअरमध्ये वेग सावकाश वाढतो, त्यामुळे इंजिन आपल्या सर्वाधिक टॉर्कच्या टप्प्यात बराच वेळ राहतं. आरपीएम आणि वेग जोडीनेच वाढले पाहिजेत. काटा एकटाच पुढे पळाला, तर क्लच घसरतोय.

या प्लेटचा खरा शत्रू म्हणजे उष्णता. आरपीएम स्थिर ठेवून थांबलेली गाडी उचलली, तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते जवळपास तितकीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. 1,400 किलोची गाडी पहिल्या गिअरमध्ये 1,250 आरपीएमला ताशी 11 किलोमीटर वेगाने जात असेल, तर ही उष्णता सुमारे साडेसहा किलोज्यूल. तीच गाडी 5,000 आरपीएमला उचलली तर सुमारे 105. आरपीएम चौपट, उष्णता सोळापट! एक लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारी ही ऊर्जा एक-दोन सेकंदांत घर्षणाच्या पातळ थरात शिरते. जळका वास येतो तो याचाच.

सहज निसटणारी आणखी एक खूण आहे. प्लेट झिजते तसा डायफ्राम स्प्रिंगचा कोन बदलतो आणि तिचा दाब आधी थोडा वाढतो, मग उतरतो. म्हणून झीज आपोआप भरून काढणारी यंत्रणा नसेल, तर झिजत चाललेल्या क्लचचं पेडल जड होत जातं. रोज चालवणाऱ्याला ते जाणवत नाही. गाडी एखाद्या मित्राला चालवायला द्यावी, त्याला लगेच कळतं.

आता उलटं दुखणं. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात, चालू केलं की अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. खात्री करायला न्यूट्रलमध्ये क्लच तळापर्यंत दाबून दहा सेकंद थांबावं आणि मग रिव्हर्स टाकावा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारा भाग, नसतो. त्यामुळे आतला शाफ्ट अजून फिरत असेल, तर खर्रकन आवाज येतो. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडला, तर संशय पेडलचा दाब द्रवामार्फत क्लचपर्यंत नेणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेवर: नळीत हवा शिरलीय किंवा सिलिंडरचं सील गळतंय. एकच गिअर कुरकुरत असेल, तर मात्र बहुधा त्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजलेला असतो, क्लचला हात लावू नये.

स्पोर्ट्स कारमध्ये याचाच एक फसवा प्रकार दिसतो. एरवी सगळं सुरळीत, पण गाडी जोरात पळवल्यावर पेडल खाली बसतं आणि थंड झाल्यावर पुन्हा नीट चालतं. इथे हायड्रॉलिक यंत्रणेतला द्रव, म्हणजे फ्लुइड, तपासावं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रतीच्या कोऱ्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषलेल्याचा किमान 155. एक्झॉस्टजवळच्या उष्णतेने आत वाफ झाली, की पायाचा दाब ती वाफ दाबण्यातच खर्च होतो.

गाडी उचलताना धक्के बसत असतील, तर प्लेट धर-सोड, धर-सोड करत असते. व्हायोलिनच्या तारेवर गज जसा अडकत-सुटत जातो, तसंच. तेलकट प्लेट किंवा डागाळलेलं फ्लायव्हील हे नेहमीचं कारण, पण इंजिन धरून ठेवणारे माउंट सैल झाले तर तेही असेच धक्के देतात आणि ते वरवर तपासता येतात.

आवाजाचं सोपं आहे. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर डायफ्राम स्प्रिंग दाबणारं रिलीज बेअरिंग पाहावं. न्यूट्रलमध्ये असलेली घरघर पेडल दाबताच थांबली, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

एवढं करून गिअरबॉक्स उतरवायचं ठरलंच, तर प्लेट कशामुळे गेली ते तिथेच शोधावं. फ्लायव्हीलवर निळसर डाग आहेत का, क्रँकशाफ्टचं मागचं सील ओलं आहे का? ते सील तसंच ठेवून नवी प्लेट बसवली, तर तीही तेलात भिजेल आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल.